वनखाते, मत्स्यव्यवसाय खाते आणि विद्यापीठ : जीवसंवर्धनातील शासकीय पदांचा इतिहास
(महाराष्ट्राच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र वा मत्स्यविज्ञान या विषयांत पदवी संपादन करणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे एक प्रश्न दरवर्षी उभा राहतो. वन्य प्राणी, नद्यांतील मासे आणि या जीवांचे अधिवास यांच्या रक्षणाची जबाबदारी शासनाची आहे. या जीवांचे शास्त्र विद्यापीठात शिकविले जाते. तरीही हे शास्त्र शिकलेला विद्यार्थी त्या कामापर्यंत क्वचितच का पोहोचतो? या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः बेरोजगारी, स्पर्धा परीक्षा आणि पदभरतीवरील निर्बंध यांच्या संदर्भात दिले जाते. ही कारणे खरी असली तरी ती वरवरची आहेत. कोणत्या कामासाठी पद निर्माण करायचे आणि त्या पदासाठी कोणते ज्ञान आवश्यक मानायचे, हे निर्णय पिढ्यान्‌पिढ्या मागे घेतले गेले असून आजची व्यवस्था त्यांच्याच चौकटीत उभी आहे.

प्रस्तुत लेखात या चौकटीचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : भारतात वन्य प्राण्यांना शासकीय पदे लाभली, परंतु त्या पदांमागे विद्यापीठ उभे राहिले नाही. माशांना पदेही लाभली आणि विद्यापीठही लाभले, परंतु ती दोन्ही उत्पादनासाठी. नदी, पाणथळ आणि माळरान हे अधिवास मात्र पद आणि विद्यापीठ या दोन्हींच्या मधल्या मोकळ्या जागेत राहिले. आज जे जीव सर्वाधिक वेगाने नाहीसे होत आहेत, त्यांपैकी पुष्कळ याच मोकळ्या जागेतील आहेत.

वनसेवेचा उगम आणि तिची दृष्टी

मुंबई इलाख्यात वनरक्षणासाठी स्वतंत्र अधिकारी नेमला गेला तो १८४७ साली. अलेक्झांडर गिब्सन हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील शल्यचिकित्सक होते आणि पुण्याजवळील दापोडीच्या वनस्पती-उद्यानाचे अधीक्षकपद त्यांच्याकडे होते. मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक म्हणून त्यांची नियुक्ती झाली, त्यामागे सागवानाचा तुटवडा हे प्रमुख कारण होते. जहाजबांधणीला लाकूड हवे होते आणि घाटमाथ्यावरील जंगल झपाट्याने विरळ होत होते. पुढे रेल्वेच्या स्लीपरांची मागणी वाढली. १८६४ साली अखिल भारतीय पातळीवर वनविभाग स्थापन होऊन डायट्रिख ब्रँडिस हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ पहिले वनमहानिरीक्षक झाले. १८६५, १८७८ आणि १९२७ या वर्षांच्या वनकायद्यांनी या विभागाच्या अधिकाराची व्याप्ती निश्चित केली.

या सेवेतील अधिकाऱ्यांचे शिक्षण आरंभी फ्रान्स व जर्मनी येथे, नंतर इंग्लंडमध्ये होत असे. देहरादून येथे १८७८ साली वनशाळा आणि १९०६ साली वनसंशोधन संस्था सुरू झाली. या शिक्षणाचा गाभा वनवर्धन, मोजणी, कार्ययोजना आणि महसूल हा होता. झाडाचे वय, त्याचा घेर, तोडीचे आवर्तन हे अभ्यासाचे विषय होते. जंगलातील प्राणी हा शिकारीच्या परवान्याचा विषय मानला जाई. वनाधिकाऱ्यांपैकी अनेकांनी प्राण्यांची उत्तम निरीक्षणे नोंदविली, ही बाब नाकारता येत नाही. परंतु ती त्यांची वैयक्तिक आवड होती. त्यांच्या पदाची अट नव्हती.

स्वातंत्र्यानंतर १९६६ साली भारतीय वनसेवा ही अखिल भारतीय सेवा म्हणून पुन्हा उभी करण्यात आली. या सेवेच्या परीक्षेसाठी पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र आणि प्राणिशास्त्र यांपैकी एक विषय असलेली पदवी किंवा कृषी, वनशास्त्र, अभियांत्रिकी यांतील पदवी ग्राह्य धरली जाते. या यादीत वन्यजीवशास्त्राचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामागील विचार स्पष्ट आहे. सामान्य विज्ञानाची बैठक असलेला तरुण निवडावा आणि त्याला सेवेत घेऊन वनशास्त्र शिकवावे, असा तो विचार होय. या पद्धतीने प्रशासनाला कर्तबगार अधिकारी मिळाले, हे मान्यच करावे लागते. तथापि तज्ज्ञता ही पदाची पूर्वअट न राहता पदानंतरचे प्रशिक्षण ठरली.

विद्यापीठाबाहेरचे ज्ञान

वनसेवेला ज्या ज्ञानाची गरज वाटली नाही, ते ज्ञान मुंबईत एका नागरी संस्थेने जोपासले. १८८३ साली आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्यांपैकी डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे भारतीय होते. पहिले प्रार्थना समाजाचे आद्य अध्यक्ष, तर दुसरे वैद्यकाबरोबर वनस्पतिशास्त्रातही रस घेणारे. सोसायटीने सस्तन प्राण्यांची पाहणी, नियतकालिक आणि संग्रह या तिन्ही मार्गांनी ज्ञान जमविले. केंद्र शासनाच्या वतीने १९१६ साली भारतीय प्राणिशास्त्रीय सर्वेक्षण संस्था स्थापन झाली. परंतु तिचे कार्य मुख्यतः वर्गीकरणाचे होते. जंगलाच्या व्यवस्थापनाशी तिचा थेट संबंध नव्हता.

ज्ञान आणि पद यांच्या ताटातुटीचे सर्वांत परिचित उदाहरण डॉ. सालीम अली यांचे आहे. औपचारिक विद्यापीठीय पदवी नसल्यामुळे प्राणिशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेतील पक्षिशास्त्रज्ञाचे पद त्यांना मिळू शकले नाही. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात त्यांना मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी मिळाली. पुढे ते बर्लिन येथे एर्विन श्ट्रेसमान यांच्याकडे पक्षिशास्त्राचे शिक्षण घेऊन १९३० साली परतले, तेव्हा निधीअभावी ते पदच रद्द झालेले होते. म्हणजे पद होते तेव्हा पदवी नव्हती आणि शास्त्रशुद्ध शिक्षण झाले तेव्हा पद उरले नव्हते. त्यानंतर कुलाबा जिल्ह्यातील किहीम येथील वास्तव्यात त्यांनी सुगरण पक्ष्याच्या विणीचा जो अभ्यास केला, तो कोणत्याही शासकीय वा विद्यापीठीय पदाविना केलेला होता. कालांतराने मुंबई विद्यापीठाने सोसायटीला संशोधनकेंद्र म्हणून मान्यता दिली आणि तिच्या छत्राखाली पदव्युत्तर संशोधन होऊ लागले. म्हणजे या प्रकरणी विद्यापीठ ज्ञानाच्या मागून आले.

वनखात्याच्या आतही अशी माणसे होती. मारुती चितमपल्ली यांनी कोइंबतूर येथे वनक्षेत्रपालाचे प्रशिक्षण घेतले आणि महाराष्ट्राच्या वनखात्यात तीन दशके सेवा करून ते १९९० साली निवृत्त झाले. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट येथील वास्तव्यात त्यांनी आदिवासी व स्थानिक जाणकारांकडून पशुपक्ष्यांची नावे, सवयी आणि ऋतुचक्र टिपले. संस्कृत ग्रंथांतील संदर्भ जुळविले आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. २००६ साली सोलापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आणि २०२५ साली पद्मश्री हा सन्मान त्यांना लाभला; त्याच वर्षी जून महिन्यात त्यांचे निधन झाले. मराठी वाचकाने या कार्याचा यथोचित गौरव केला. परंतु हे कार्य खात्याच्या कार्ययोजनेचा भाग नव्हते. त्यांच्यासारखा अधिकारी घडणे हा योगायोग राहिला. त्याची परंपरा निर्माण करणारी व्यवस्था उभी राहिली नाही.

मासा : जीव की पीक?

माशांचा इतिहास याहून वेगळ्या वाटेने गेला. दख्खनच्या माशांची शास्त्रीय नोंद मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी कर्नल विल्यम सायक्स यांनी केली. १८३९ साली त्यांनी दख्खनच्या माशांची जी वर्णने प्रसिद्ध केली, त्यांत अनेक जातींना स्थानिक मराठी नावांवरूनच शास्त्रीय नावे दिली. मुळा-मुठेतील महासीर माशाच्या नावातील ‘खुद्री’ आणि दुसऱ्या एका जातीच्या नावातील ‘कोलस’ हे शब्द त्याची साक्ष देतात. ही नावे सायक्स यांना नदीकाठच्या माणसांकडून मिळालेली होती. सर्वेक्षणाच्या पदावरील एका लष्करी अधिकाऱ्याने मासेमारांचे ज्ञान शास्त्रात नोंदविले, असा हा आरंभ होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सिस डे यांनी भारतातील माशांवरील बृहद्ग्रंथ सिद्ध केला. गोड्या पाण्यातील मत्स्यसंपत्तीच्या ऱ्हासाकडेही त्यांनी शासनाचे लक्ष वेधले. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने पाण्यात स्फोटके व विष वापरून मासे मारण्यास मनाई केली. संवर्धनाची ही दृष्टी तेथेच वाढीस लागली असती, तर पुढील इतिहास निराळा झाला असता. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील अन्नटंचाई आणि बंगालचा दुष्काळ यांनी प्राधान्यक्रम बदलला. १९४७ साली सागरी आणि अंतर्गत मत्स्यसंशोधनाची दोन केंद्रे उभी राहिली, ती अन्नोत्पादनाच्या गरजेतून. १९५७ साली ओरिसातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी प्रेरित प्रजननाचा यशस्वी प्रयोग केला. त्यामुळे रोहू, कटला, मृगळ यांचे बीज मोठ्या प्रमाणावर तयार करणे शक्य झाले. भारतीय मत्स्यशेतीचा पाया या प्रयोगाने घातला आणि लक्षावधी कुटुंबांना त्याचा लाभ झाला, याविषयी दुमत नाही.

याच उद्दिष्टाला अनुरूप अशी शिक्षणव्यवस्थाही तयार झाली. १९६१ साली मुंबईत केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९८९ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. १९६९ साली मंगळूर येथे देशातील पहिले मत्स्य महाविद्यालय निघाले. महाराष्ट्रात १९८१ साली कोकण कृषी विद्यापीठाच्या अंतर्गत रत्नागिरीजवळ शिरगाव येथे मत्स्य महाविद्यालय सुरू झाले. पुढे नागपूर येथील पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत विदर्भ-मराठवाड्यातही अशी महाविद्यालये आली. येथून बाहेर पडणाऱ्या पदवीधरांसाठी शासनात पदेही होती. त्या पदांची नावे मात्र लक्षणीय आहेत : मत्स्यव्यवसाय विकास अधिकारी, सहायक मत्स्यव्यवसाय विकास अधिकारी. खात्याच्या नावात ‘व्यवसाय’ आहे आणि पदाच्या नावात ‘विकास’ आहे. ‘संवर्धन’ हा शब्द वापरला जातो, तोही बहुधा तळ्यात मासे वाढविणे या अर्थाने. एकाच मराठी शब्दाचे वनखात्यात ‘रक्षण’ आणि मत्स्यखात्यात ‘पैदास’ असे दोन अर्थ व्हावेत, हा या इतिहासाचाच परिपाक होय.

उधार घेतलेला नमुना आणि त्यातील गाळलेला भाग

कृषी विद्यापीठांचा जो नमुना भारताने स्वीकारला, तो अमेरिकेतील लँड-ग्रँट महाविद्यालयांचा. १८६२ च्या कायद्यान्वये शासकीय जमिनींच्या उत्पन्नावर उभी राहिलेली ही महाविद्यालये अध्यापन, संशोधन व विस्तार ही तिन्ही कार्ये एकत्र करीत. १९६० साली पंतनगर येथे या धर्तीवर पहिले भारतीय कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील चार विद्यापीठे १९६८ ते १९७२ या काळात उभी राहिली.

परंतु अमेरिकेत याच महाविद्यालयांत एक दुसरा प्रयोगही झाला होता. १९३२ साली आयोवा येथे व्यंगचित्रकार जे. एन. डार्लिंग यांच्या पुढाकाराने वन्यजीवांच्या अभ्यासाचे एक संयुक्त केंद्र सुरू झाले. डार्लिंग संघराज्याच्या जैविक सर्वेक्षण विभागाचे प्रमुख झाल्यावर १९३५ साली नऊ महाविद्यालयांत अशी केंद्रे निघाली. संघराज्याने शास्त्रज्ञ द्यायचा, घटकराज्याच्या वन्यजीव खात्याने प्रश्न आणि निधी द्यायचा, विद्यापीठाने विद्यार्थी, प्रयोगशाळा आणि पदवी द्यायची, अशी ही रचना होती. विद्यार्थ्याचा प्रबंध खात्याच्या कामाचा भाग ठरे आणि पुढे तोच विद्यार्थी त्या खात्यात पदावर जाई. याच सुमारास, १९३३ साली, विस्कॉन्सिन विद्यापीठात आल्डो लिओपोल्ड यांच्यासाठी या विषयाचे अध्यासन निर्माण झाले. १९३७ साली शिकारीच्या शस्त्रांवरील आणि १९५० साली मासेमारीच्या साधनांवरील कराचे उत्पन्न राज्यांच्या या कार्याकडे वळविण्यात आले.

या व्यवस्थेतही दोष होते. निधी शिकारी व हौशी मासेमार यांच्याकडून येत असल्यामुळे शिकारयोग्य प्राणी व मासे यांच्याकडेच दीर्घकाळ अधिक लक्ष दिले गेले. तरीही खाते, विद्यापीठ आणि पद यांना जोडणारा पूल तेथे तयार झाला. भारताने लँड-ग्रँट नमुना घेताना शेती घेतली, पशुपालन घेतले, मासा पीक म्हणून घेतला. वन्य जीव आणि अधिवास यांचा भाग मात्र गाळला. तो भाग वनखात्याचा मानला गेला आणि वनखाते कृषी विद्यापीठांच्या व्यवस्थेबाहेर होते.

१९७२ नंतर : कायदा आला, पद तेच राहिले

मुंबई राज्याने १९५१ सालीच वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला होता. त्यानंतर १९७२ चा केंद्रीय वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. महाराष्ट्रातील मेळघाट हे पहिल्या नऊ व्याघ्रक्षेत्रांपैकी एक होते. या कायद्याने प्रत्येक राज्यात मुख्य वन्यजीव रक्षकाचे पद निर्माण केले. या पदासाठी शास्त्रीय पात्रता कायद्यात सांगितलेली नाही आणि व्यवहारात ते वनसेवेतील अधिकाऱ्याकडे गेले. सागवानाच्या रक्षणासाठी निर्माण झालेल्या सेवेकडे वाघाचे रक्षण सोपविले गेले. त्यातून भूप्रदेशावर पक्के नियंत्रण, गस्त आणि गुन्हेअन्वेषण हे लाभ झाले. शास्त्रीय ज्ञानाची उणीव भरून काढण्यासाठी १९८२ साली देहरादून येथे भारतीय वन्यजीव संस्था स्थापन झाली आणि १९८८ साली तेथे सौराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न असा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. बंगळूर येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात २००३ पासून असाच अभ्यासक्रम आहे. हे अभ्यासक्रम गुणवत्तेत निःसंशय उत्तम आहेत. परंतु त्यांतील जागा मोजक्या आहेत आणि त्या पदव्यांना जोडलेले नियमित राज्यशासकीय पद नाही. व्याघ्रक्षेत्रांत जीवशास्त्रज्ञ नेमले जातात, ते पुष्कळदा कंत्राटी स्वरूपात.

या विभाजनाची किंमत किती असते, हे सरिस्का प्रकरणाने दाखवून दिले. राजस्थानातील या व्याघ्रक्षेत्रात कागदोपत्री वाघ होते. परंतु २००४-०५ मध्ये तेथे एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. पगमार्कांवर आधारलेली गणना खात्याचीच होती आणि बाहेरच्या अभ्यासकाला ती तपासण्याची संधी नव्हती. त्यानंतर नेमलेल्या व्याघ्र कृतिदलाने स्वतंत्र संशोधनाला वाट मोकळी करण्याचा आग्रह धरला. २००६ साली राष्ट्रीय व्याघ्रसंवर्धन प्राधिकरण स्थापन झाले आणि कॅमेरा-सापळे व संख्याशास्त्र यांवर आधारलेली गणनापद्धती स्वीकारण्यात आली. पूर्वीच्या गणनेत ३,६४२ असलेला वाघांचा आकडा नव्या पद्धतीनुसार २००८ साली जाहीर झाला तेव्हा १,४११ इतका होता. पद्धती भिन्न असल्याने या दोन आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही. परंतु शास्त्राला प्रवेश मिळाल्यावर शासनाची आपल्याच संपत्तीविषयीची समजूत केवढी बदलली, हे त्यातून कळते.

कोणाच्याच कक्षेत नसलेले पाणी

वाघाच्या बाबतीत निदान सरिस्का घडले आणि व्यवस्था सुधारली. नदीतील माशाच्या बाबतीत असे प्रकरण घडणे शक्यच नव्हते, कारण त्याची मोजदाद ठेवणारे कोणी नव्हते. याचे एक मूळ राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सापडते. ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७६ साली वने आणि वन्य पशुपक्ष्यांचे संरक्षण हे विषय समवर्ती सूचीत गेले. मत्स्यव्यवसाय आणि पाणी हे विषय राज्यसूचीतच राहिले. परिणामी एकाच जलाशयाचे पाणी जलसंपदा खात्याचे, त्यातील मासे मत्स्यव्यवसाय खात्याचे आणि काठावरचे पक्षी, अभयारण्य असल्यास, वनखात्याचे अशी वाटणी झाली. १९७२ च्या कायद्याने ‘वन्यजीव’ या संज्ञेत मासे आणि अधिवासातील जलीय वनस्पती यांचा समावेश केला होता. परंतु व्हेल शार्क या माशाला त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण मिळाले ते २००१ साली. गोदावरीवरील नांदूर मध्यमेश्वर किंवा पैठणचा नाथसागर ही अभयारण्ये पक्ष्यांसाठी ओळखली जातात. त्याच पाण्यातील देशी माशांसाठी जबाबदार असलेले पद शोधू गेल्यास सापडत नाही.

या रिकाम्या जागेचे परिणाम महासीरच्या कथेत स्पष्ट दिसतात. धरणे आणि प्रदूषण यांमुळे दख्खनच्या नद्यांतून हा मासा कमी होऊ लागला, तेव्हा लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात त्याचे बीज तयार करण्याचा उपक्रम हाती घेतला. आपल्या मूळ प्रदेशासाठी हा उपक्रम मोलाचा ठरला. परंतु हाच निळ्या परांचा महासीर कावेरीतही सोडण्यात आला, जेथे तो मूळचा नव्हता. कावेरीतील वशिंडधारी महासीर ही तेथील स्वतंत्र जात त्यानंतर झपाट्याने घटली. २०१८ साली तिची शास्त्रीय ओळख निश्चित झाली आणि त्याच सुमारास ती अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदली गेली. या ऱ्हासाला धरणे, वाळूउपसा, अवैध मासेमारी अशी अन्य कारणेही आहेत. तथापि परक्या महासीरचे आगमन हे अभ्यासकांनी दाखविलेले एक प्रमुख कारण आहे. मासा वाढविण्याचे तंत्र होते, हेतूही चांगला होता. कोणती जात कोणत्या नदीची, हा प्रश्न विचारणे हे मात्र कोणाच्याच पदाचे कर्तव्य नव्हते.

हा प्रश्न महाराष्ट्रात विचारला गेला, तो महाविद्यालयांत. मुळा-मुठा आणि पुणे जिल्ह्यातील अन्य नद्यांच्या मत्स्यसंपदेची पाहणी विसाव्या शतकात वेळोवेळी झाली आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी जुन्या नोंदींशी तुलना करून अनेक जाती आढळेनाशा झाल्याचे दाखविले. या अभ्यासांत महाविद्यालयीन प्राणिशास्त्र विभागांचा मोठा वाटा होता. सायक्स यांच्या काळापासूनचा एवढा दीर्घ पट उपलब्ध असणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. तो पट अध्यापनाचा कार्यभार सांभाळून प्राध्यापकांनी जुळविला, शासनाच्या कोणत्याही नियमित नोंदवहीतून तो आलेला नाही.

पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलावांची, म्हणजेच मामा तलावांची कथाही अशीच आहे. १९५१ साली मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे आले. त्यांच्याकडे सिंचनाची साधने व मत्स्यबीज सोडण्याची ठिकाणे म्हणून पाहिले गेले. तलावातील पाणवनस्पती, देशी मासे आणि पक्षी यांचे परस्परसंबंध ढिवर समाजाला ठाऊक होते. परंतु त्या ज्ञानाला ना पद होते, ना पदवी. माळरानांचेही तेच झाले. माळढोक पक्ष्यासाठी सोलापूर-अहमदनगर भागात १९७९ साली अभयारण्य घोषित झाले, पण वृक्ष हेच वन मानणाऱ्या दृष्टीला गवताळ प्रदेश पडीक वाटत राहिला आणि झाडे लावणे हीच त्याची सुधारणा समजली गेली.

जोडणीचे काही प्रयत्न

गेल्या काही वर्षांत या भिंतींना खिंडारे पडू लागली आहेत. २०१२ साली महाराष्ट्राच्या वनखात्यात कांदळवन कक्ष स्थापन झाला आणि खाडी, खारफुटी व सागरी जीव हा विषय प्रथमच एका निश्चित यंत्रणेकडे आला. २०१८ च्या डिसेंबरपासून, जाळ्यात सापडलेला संरक्षित सागरी प्राणी जाळे कापून सोडून देणाऱ्या मच्छीमाराला कमाल २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना वन आणि मत्स्यव्यवसाय या दोन खात्यांनी संयुक्तपणे राबविली. कासव किंवा व्हेल शार्क यांना जीवदान देणारा मच्छीमार या योजनेत गुन्हेगार न राहता सहकारी ठरला. रक्कम लहान असली तरी दोन खात्यांनी एकाच जीवासाठी एकत्र येण्याची ही घटना महत्त्वाची आहे. २०२३ साली पापलेट हा राज्यमासा घोषित झाला. घटत्या मासळीची चिंता त्यामागे होती. शेकरू आणि हरियाल यांच्या पंक्तीत मासा बसला, ही बाब स्वागतार्ह आहे. तो बाजारातील सर्वांत मोलाच्या माशांपैकी एक असावा, हेही या इतिहासाला धरूनच आहे.

विद्यापीठांच्या बाजूनेही हालचाल झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ आणि २००३ च्या आदेशांनंतर पर्यावरणशास्त्र हा विषय पदवीपूर्व स्तरावर सर्व शाखांना अनिवार्य झाला आणि विद्यापीठ अनुदान आयोगासाठी पुण्याचे डॉ. एराक भरुचा यांनी त्याचे पाठ्यपुस्तक लिहिले. विषय सर्वांना अनिवार्य झाला, परंतु त्यासाठी स्वतंत्र अध्यापकपदे सर्वत्र निर्माण झाली नाहीत. अनेक महाविद्यालयांत तो ज्याचा कार्यभार अपुरा असेल त्याच्याकडे सोपविला गेला. शासनात जे घडले त्याचीच ही महाविद्यालयीन आवृत्ती होती : जबाबदारी मान्य झाली, तज्ज्ञाची जागा मान्य झाली नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात.

पहिली, शासकीय पद ज्या गरजेतून जन्मते, ती गरज संपल्यानंतरही त्या पदाची दृष्टी टिकून राहते. वनसेवा लाकडासाठी जन्मली आणि मत्स्यव्यवसाय खाते अन्नासाठी. दोन्ही गरजा न्याय्य होत्या. परंतु जीवसंवर्धनाचे कार्य त्यांच्यावर नंतर चढविले गेले.

दुसरी, केवळ अभ्यासक्रम सुरू करून हा प्रश्न सुटत नाही. पदवीला पदाची आणि पदाला पदवीची जोड नसेल, तर उत्तम शिक्षण घेतलेला विद्यार्थी कंत्राटी नेमणूक, परदेश किंवा विषयांतर यांपैकी एक वाट धरतो आणि समाजाने त्याच्या शिक्षणावर केलेला खर्च अन्यत्र फळतो.

तिसरी, अधिवासांचे ज्ञान आज मुख्यतः तीन ठिकाणी आहे : स्थानिक मासेमार व वननिवासी समाज, स्वयंसेवी संस्था आणि महाविद्यालयीन विभाग. यांपैकी महाविद्यालये जिल्ह्याजिल्ह्यांत पसरलेली आहेत, त्यांच्याकडे दरवर्षी नवे विद्यार्थी येतात आणि जवळची नदी, तलाव वा माळरान त्यांच्या आवाक्यात असते. वनविभाग, मत्स्यव्यवसाय विभाग आणि महाविद्यालय यांच्यात जिल्हा पातळीवर त्रिपक्षीय करार होऊन ठरावीक जलाशयांची वार्षिक नोंद विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून ठेवली गेली, तर त्यासाठी नवी संस्था उभारण्याची गरज पडणार नाही. अशा नोंदींचा उपयोग खात्याने निर्णयात करावा आणि त्या अनुभवाला पदभरतीत अधिमान द्यावा, एवढी तरतूद पुरेशी आहे.

व्याघ्रगणनेसारखी नियतकालिक व्यवस्था गोड्या पाण्यातील माशांसाठी देशात अद्याप उभी राहिलेली नाही. सायक्स यांनी नोंदलेल्या मुळा-मुठेतील माशांपैकी आज किती उरले, हे सांगण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे असे एकही शासकीय पद पुणे जिल्ह्यात नाही. जोवर असे पद निर्माण होत नाही, तोवर ही नोंद ठेवण्याचे काम महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांकडेच राहणार आहे. आणि त्या विभागांतील रिक्त जागा भरल्या जाणे हा केवळ अध्यापनाचा प्रश्न नसून नद्यांच्या भवितव्याचाही प्रश्न आहे.